कापसावर चालल्यावानी

*"मॅडम, मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातली सून. आमचे मामाजी, म्हणजे सासरे, ६४ वर्षांचे आहेत. आठ वर्षांपासून शुगर, गोळी चालू आहे. जन्मभर वावरात अनवाणी राबले. पूर्वी ते घरात आले तरी चाहूल लागायची नाही. आता ओसरीवर पाऊल पडलं की मला चुलीपाशी ऐकू येतं, इतके पाय आपटतात. चालताना नजर सारखी खाली. चप्पल पायातून निघून मागं राहते, आम्ही सांगतो तेव्हा त्यांना कळतं. मागच्या पंधरवड्यात रात्रीच्या लाइनवर हरभऱ्याला ओलित करायला गेले आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोनदा पडले. दिवसा त्याच धुऱ्यावरून नीट चालतात. न्हाणीत तोंडाला साबण लावला की भिंत धरतात. परवा मी त्यांचे पाय धुवून देत होते, तर तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला सापडला. त्यांना पत्ताच नव्हता. म्हणतात, 'बाई, जमीन लागतच नाई वो पायाले, कापसावर चालल्यावानी लागते.' दिरानं पुण्याहून जाड फोमचे बूट पाठवले, ते घालून जास्तच झोकांड्या जातात. नणंदबाई म्हणतात दवात अनवाणी चालवा, टोचऱ्या ॲक्युप्रेशरच्या चपला आणा. शेजारी म्हणतात वय झालं, तळव्याला घट्टे पडले, म्हणून कळत नाही. मामाजी तर म्हणतात, 'वावरात जोडा घालून कोनी जाते काय? माती पायाले समजली पायजे.' खरं कोणाचं? बूट घालावेत की अनवाणी चालू द्यावं?"*

ताई,

आधी काट्याचं बघू, बाकीचं मागून. काटा पूर्ण निघाला का? आत राहिला असेल तर घरी सुईनं उकरत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन जखम साफ करून घ्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. जखमेभोवती लाली, सूज, ऊब, पू, वास यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 'दुखत नाही ना, मग राहू द्या' असं मामाजी म्हणतील. त्यांचं ऐकू नका. दुखायला हवं तिथं दुखत नाही, धास्ती त्याचीच आहे.

आता पत्राकडं वळते. दिवसा धुऱ्यावरून नीट चालणारा माणूस रात्री त्याच धुऱ्यावर पडतो. साबणानं डोळे मिटले की भिंत धरतो. गुडघे गेले असते तर दिवसाही पडले असते. नुसता अशक्तपणा असता तर डोळे उघडे ठेवून भागलं नसतं. मामाजींचे पाय चालणं विसरलेले नाहीत, त्यांच्या तळव्यांना जमीन कळेनाशी झालीय. सध्या ते डोळ्यांनी चालतायत. हे तुम्ही इतक्या बारकाईनं टिपलंय की अर्धं निदान तुमच्या पत्रातच आहे. डॉक्टरांकडं जाताना हे पत्र सोबत न्या, खरंच सांगते.

तळव्याची कातडी तळहातासारखीच असते, बिनकेसांची आणि जाणिवेनं भरलेली. स्पर्श टिपणारी चार तऱ्हेची टोकं तिच्यात पेरलेली असतात. ती शोधणाऱ्या शास्त्रज्ञांच्या नावांनी ओळखली जातात: मायस्नर, पॅचिनी, मर्केल आणि रुफिनी. एकाला हलका स्पर्श आणि कातडीवरचं घसरणं कळतं, दुसऱ्याला थरथर. पांदणीतून भरलेली बैलबंडी येत असेल तर तिचा धडधडाट कानाआधी पायाला लागतो, तो या दुसऱ्यामुळं. तिसऱ्याला टिकून राहिलेला दाब आणि कड कळते, चौथ्याला कातडी कुठं ताणली गेली ते. पाऊल हवेत असताना यातली बहुतेक गप्प असतात. पाऊल टेकलं की बोलायला लागतात.

मामाजी धडधाकट असताना एक पाऊल कसं पडत असेल बघा. सोयाबीन निघालेलं वावर, धसकटं उभी, मधेमधे ढेकळं. टाच टेकते आणि खबर निघते: जमीन आली, कडक आहे, जरा उजवीकडं कललीय. दाब तळव्याच्या बाहेरच्या कडेनं पुढं सरकतो, चवड्यावर येतो, शेवटी अंगठ्यापाशी, आणि अंगठा जमीन मागं ढकलतो. प्रत्येक ठिकाणाहून नवी खबर. ती मेंदूपर्यंत पोचायला सुमारे ४० मिलिसेकंद लागतात, पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ. काही निकाल तर मेंदूपर्यंत जातच नाहीत, पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू परस्पर लावून टाकते. बाहेरच्या कडेखाली ढेकूळ फुटलं, कातडी एका बाजूला ताणली गेली, की घोट्याचे स्नायू आपोआप आवळतात. उचललेल्या पायाच्या वरच्या बाजूला पऱ्हाटीचा खुंट आपटला तर गुडघा आपसूक वाकून पाय वर येतो. माणूस म्हणतो, 'ठेच लागली होती, पण सावरलो.' सावरलं ते कातडीनं दिलेल्या खबरेनं.

मामाजींना आता काय वाटतं हे तुम्हाला स्वतः अनुभवायचं असेल तर सोपं आहे. मांडी घालून बराच वेळ तूर निवडत बसलात की पाय बधिर होतो ना? तेव्हा पटकन उठून चाललात तर पाऊल कुठं पडतंय ते कळत नाही. पाय लाकडाचा असल्यासारखा वाटतो, आपण खाली बघतो, आपटून टाकतो, भिंतीला हात जातो. पायात जोर असतो, तरी चालता येत नाही. तुमचा पाय दोन मिनिटांत ताळ्यावर येतो. मामाजींचा दिवसभर तसाच राहतो.

हे प्रयोगानंही दिसलंय. निरोगी माणसांचे तळवे बर्फानं गार करून काही वेळापुरते बधिर केले तर त्यांची चाल बदलते. बधिर भागावर भार टाकायचं ते टाळतात, जाण शिल्लक असलेल्या भागाकडं वजन सरकवतात, पाऊल जपून टाकतात. पायाचे स्नायू तेच, सांधे तेच, फक्त कातडीचं बोलणं बंद.

पाय आपटण्याचा अर्थही यातच आहे. हलक्या पावलाची खबर वर पोचत नाही, म्हणून माणूस नकळत जोरानं पाऊल टाकतो. आपटलं की हादरा घोट्याला, गुडघ्याला, कमरेला तरी कळतो. कानालाही कळतो. ओसरीवरचा तो धप धप आवाज म्हणजे मामाजी जमिनीला हाक मारतायत, ताई. त्यांना 'हळू चाला ना' म्हणू नका. एक मात्र नीट बघा: पाऊल टाकताना पुढचा भाग लुळा पडून आधी चवडाच फटकन आपटतो का, अंगठा जमिनीला घासतो का? तसं असेल तर ते स्नायू कमजोर झाल्याचं लक्षण आहे, आणि ते डॉक्टरांना वेगळं सांगायला हवं.

तोल सांभाळायला आपल्याला तीन आधार असतात: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि पायांच्या कातडीतून नि सांध्यांतून येणारी जाण. एक कमी झाला तर उरलेले दोन भागवतात. दोन गेले की माणूस पडतो. बर्लिनच्या मोरित्झ रोम्बर्ग नावाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच हे टिपलं होतं. काही रुग्ण डोळे उघडे असताना नीट उभे राहत, डोळे मिटले की डोलायला लागत. आजही डॉक्टर ही तपासणी करतात आणि तिला त्यांचंच नाव आहे. तुमच्या न्हाणीत ती रोज होतेय. घरी मुद्दाम करून बघू नका, पडतील. न्हाणीत आजपासून स्टूल ठेवा आणि बसूनच आंघोळ करू द्या.

पुण्याच्या बुटांनी झोकांड्या का वाढल्या, तेही यावरून कळेल. आधीच खबर बारीक येतेय, तिच्यावर आपण जाड गादी टाकली. भुसभुशीत तळव्यावर पाऊल थोडं डगमगतं आणि जमिनीचा कल कळायला उशीर होतो. वयस्क माणसांवरच्या प्रयोगांत जाड मऊ तळव्यापेक्षा पातळ आणि टणक तळव्याच्या बुटात तोल चांगला राहिलेला दिसला आहे. दिरानं प्रेमानं पाठवलेत, त्यांना दोष देऊ नका. पण ते वावरासाठी नाहीत.

शेजाऱ्यांचं घट्ट्यांबद्दलचं म्हणणं मी अनेक घरांत ऐकते आणि ते मला फार नुकसानीचं वाटतं, कारण त्यानं आजार झाकला जातो. २०१९ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला. केनियातल्या अनवाणी चालणाऱ्या आणि बूट घालणाऱ्या लोकांचे तळवे त्यात तपासले होते. अनवाणी चालणाऱ्यांची कातडी जाड होती, पण त्यांची जाण कमी झालेली नव्हती. घट्टा टणक असतो, त्यामुळं वरचा दाब आणि थरथर तो खालच्या टोकांपर्यंत पोचवतो. म्हणजे मामाजी म्हणतात ते खरंच आहे. पन्नास वर्षं त्यांच्या पायांना माती समजत होती, घट्ट्यांसकट समजत होती. आता समजत नाही त्याला घट्टा कारण नाही, नस कारण आहे. फक्त घट्टे ब्लेडनं तासू नका आणि कुरूप जाळायची पट्टी लावू नका. शुगरच्या पायात घट्ट्याखाली जखम लपलेली असू शकते. घट्टा काढायचाच तर दवाखान्यात.

नस का बिघडते? कमरेपासून अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या नसा शरीरातल्या सगळ्यात लांब, मीटरभराच्या. कालव्याला पाणी कमी सुटलं की सगळ्यात आधी शेवटच्या टोकाचं, टेलचं वावर कोरडं राहतं, तसंच नसांचं आहे. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की आधी बोटांची टोकं बधिर होतात, मग तळवा, मग घोटा. दोन्ही पायांना सारखंच. कुणाला मुंग्या येतात, कुणाची रात्री आग होते, आणि पुष्कळांना काहीच होत नाही, नुसतं कळायचं थांबतं.

पण सगळं शुगरवर ढकलून मोकळं होऊ नका. तीन गोष्टी विचारून घ्या.

पहिली बी-१२ हे जीवनसत्त्व. मामाजी शाकाहारी असतील, दूधही बेताचंच घेत असतील, आणि गोळी मेटफॉर्मिन असेल, तर शरीरात बी-१२ कमी पडलेलं असू शकतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर ते घटतं. या कमतरतेतही पाय बधिर होतात, तोल जातो, अंधारात पडायला होतं. वेळेत सापडलं तर इंजेक्शनांनी किंवा गोळ्यांनी सुधारतं, म्हणून ही तपासणी चुकवू नका. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही.

दुसरी गोष्ट कुष्ठरोग. नाव ऐकून दचकू नका. विदर्भात तो अजून सापडतो, पूर्वेकडच्या जिल्ह्यांत जास्त. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा आहे का ते बघा. बधिरपणा एकाच पायाला किंवा तुकड्यातुकड्यानं असेल तर ही तपासणी हवीच. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो.

तिसरी फवारणी आणि दारू. काही कीटकनाशकांची विषबाधा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पायांच्या नसांना इजा होते. कधी फवारताना चक्कर, उलट्या झाल्या होत्या का, ते आठवून सांगा. दारूचंही खरं खरं सांगा, डॉक्टर रागावणार नाहीत.

आणि हे सगळं सोडून, बधिरपणा अचानक आला, एकाच बाजूला आला, किंवा त्यासोबत लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर रात्र असली तरी थांबू नका.

दवाखान्यात जायच्या आधी घरी एक तपासणी करा. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ती बसवलीय. तिला बोटाशिवाय काही लागत नाही. मामाजींना खाटेवर आडवं करा, डोळे मिटायला सांगा. आधी उजवा पाय कोणता, डावा कोणता ते त्यांना दाखवा. मग तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या अंगठ्याच्या टोकाला हलकेच टेकवा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, घासायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. माशी बसावी इतकंच. कळलं तर त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. असं दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, मिळून सहा जागा. मागेपुढे करून, ठेका न धरता. एका जागी एकदाच, 'आता कळलं का?' असं विचारून पुन्हा नाही. सहापैकी दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत तर जाण कमी झालीय असं धरा. मग आर्वीला, नाहीतर सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात न्या आणि तिथं सांगा की पायाची जाण तपासायचीय. ते १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतील, १२८ हर्ट्झचा कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवतील, पायाची नाडी बघतील. पाच-दहा मिनिटांचं काम. फक्त साखरेचा आकडा बघून परत पाठवत असतील तर 'पायही बघा' असं तुम्ही म्हणा. तो तुमचा हक्क आहे.

इथं मला माझ्या आईचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिला बारा वर्षं शुगर होती. एका चैत्रात दुपारी देवीच्या देवळात तिनं फरशीवर अनवाणी अकरा प्रदक्षिणा घातल्या. घरी आली, पाणी प्याली, गप्पा मारल्या. मग ओसरीवर तिच्या पावलांचे ओले ठसे दिसले. घरात कुणी पाणी सांडलेलं नव्हतं. दोन्ही तळव्यांवर आलेले फोड फुटून ते पाणी येत होतं. चार महिने लागले भरायला. मी तेव्हा फिजिओथेरपिस्ट म्हणून लोकांचे पाय तपासत होते, आणि आईचे पाय कधी हातात घेतले नव्हते. तुम्ही मामाजींचे पाय धुता, काटा तुमच्या बोटाला लागला. घरातल्या माणसाच्या पायाला रोज हात लागणं याहून मोठा उपचार या आजारात माझ्या माहितीत नाही.

आता बूट की अनवाणी. अनवाणी नाही, दवातही नाही आणि घरातल्या अंगणातही नाही. ज्याच्या तळव्याला जाण आहे त्यानं गवतावर खुशाल चालावं, त्याच्यासाठी ते चांगलंच आहे. ज्याला काटा कळत नाही त्यानं नाही. टोचऱ्या चपला तर घरात आणूच नका. बधिर कातडीवर तेच ते टोचणं म्हणजे जखमेला आवतण.

हे शास्त्र आपल्या देशातच, कुष्ठरुग्णांच्या पायांवरून शिकलं गेलं. १९४६ मध्ये डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक वेल्लोरला आले. तोवर समजूत अशी की कुष्ठरोगात मांस सडतं आणि बोटं झडतात. ब्रँड यांनी दाखवलं की जखमा होतात त्या न दुखण्यामुळं. आपल्याला चालून चालून तळव्यात एखादी जागा हुळहुळली की आपण नकळत पाऊल थोडं वेगळं टाकतो, लंगडतो, बसतो. बधिर पायाचा माणूस त्याच जागेवर हजारो पावलं टाकत राहतो. त्यांच्या रुग्णांची बोटं रात्री उंदीर कुरतडायचे आणि माणसं जागी व्हायची नाहीत, म्हणून त्यांनी रुग्णांना मांजरं पाळायला दिली. आपल्याकडं हे काम नवं नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ पासून, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी अशा पायांची सेवा केली. वेल्लोरच्या कामातून आलेली एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल विदर्भातल्या पुष्कळ आरोग्य सेवकांच्या ओळखीची आहे.

मामाजींना तीच हवी. आतला थर एमसीआर रबराचा, दाबला तर दबेल पण फोमसारखा बसणार नाही. खालचा थर इतका टणक की बाभळीचा काटा आरपार येणार नाही. मागं टाचेला पट्टा, म्हणजे पायातून निसटून मागं राहणार नाही. आत कुठं खिळा नको, जाड शिवण नको. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. बोटांमध्ये पट्टा अडकवायची चप्पल नको. एका शिबिरात एक गृहस्थ चप्पल काढेनात, म्हणाले अडकलीय. चपलेच्या तळातून खिळा वर येऊन टाचेत रुतला होता आणि ते तसेच बसस्टँडवरून चालत आले होते. म्हणून पायात घालायच्या आधी दर वेळी चप्पल उलटी करून झटकायची आणि आतून हात फिरवायचा. मामाजींचा नाही, तुमचा किंवा आत्याबाईंचा, म्हणजे तुमच्या सासूबाईंचा हात. शुगर जुनी झाली की कधी कधी हाताची बोटंही बधिर असतात.

एक अडचण येईल, आधीच सांगते. गावात एमसीआर चप्पल बघून कुणीतरी म्हणेल, 'ही तर महारोग्याची चप्पल.' मामाजी ती कोपऱ्यात टाकून देतील. हल्ली काही ठिकाणी नेहमीच्या सँडलमध्ये आत एमसीआर बसवून देतात, तशी करून घ्या. तोवर मजबूत तळाची, मागं पट्ट्याची सँडल चालेल. नवी चप्पल पहिल्या आठवड्यात रोज एक-दोन तासच. काढल्यावर तळवा बघायचा, कुठं लाल झालंय का.

आणि काठी. काठीचं नाव काढलं की मामाजी चिडतील, पण काठीचं काम वजन घेणं एवढंच नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलं की अंधारात उभ्या माणसानं एखाद्या स्थिर वस्तूला बोटाचं टोक नुसतं टेकवलं, शंभर ग्रॅमहूनही कमी दाबानं, तरी त्याचं डोलणं बरंच कमी होतं. इतक्या स्पर्शानं शरीराला टेकू मिळत नाही, बातमी मिळते. पाय सांगत नाहीत ते हात सांगतो. मामाजींच्या हातात जन्मभर तुतारी, म्हणजे बैल हाकायची अणीची काठी, होतीच, बैलांमागं चालताना. तिचं टोकाचं आर काढून खाली रबरी टोपी बसवा आणि तीच हातात द्या. वावरात तुतारी घेऊन चालणाऱ्याला म्हातारा म्हणत नाहीत. न्हाणीच्या वाटेवर, ओसरीच्या कडेला बांबूचा कठडा लावा, त्याचंही काम तेच. रोज सकाळी कठड्याला बोटं टेकवून दहा मिनिटं उभं राहणं, एका जागी पाय उचलणं, चवड्यावर वर-खाली होणं हे करायला लावा, सँडल घालून, तुम्ही जवळ असताना. यानं नसा परत येत नाहीत, पण उरलेली जाण वापरायची सवय होते आणि घोटे मजबूत राहतात.

रात्रीचं ओलित सध्या बंद, हे मी ठासून सांगते. लाइन रात्रीची येते हा तुमचा दोष नाही, पण अंधारात त्यांचा उरलेला मोठा आधारही जातो, आणि धुऱ्यावर सापही असतो. घरातल्या दुसऱ्या कुणी जावं. कुणीच नसेल तर डोक्याला बांधायची बॅटरी, टणक तळाचे बूट (पुण्याचे फोमचे नव्हेत), तुतारी आणि सोबत एक माणूस, याशिवाय नाही. घरात रात्री खाटेपासून मोरीपर्यंत छोटा दिवा जळू द्या.

थंडी आहे, म्हणून आणखी थोडं. शेकोटीला पाय लावून बसू देऊ नका. पांघरुणात गरम वीट नाही, गरम मिठाच्या पाण्यात पाय बुडवणं नाही. धुवायचं पाणी तुमच्या कोपरानं बघा. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. टाचेला आणि तळव्याला खोबरेल लावा, बेचक्यांत नको. झोपताना सैल सुती मोजे, आणि घरात उंदीर असतील तर त्यांचा बंदोबस्त. रोज संध्याकाळी दिव्याखाली दोन्ही तळवे बघायचे, दोन मिनिटं. तळहाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचं, एखादी जागा बाकीच्यांपेक्षा ऊबदार लागली तर दुसऱ्या दिवशी चालणं कमी आणि डॉक्टरांना फोन.

मामाजींशी बोलताना 'तुम्ही ऐकत नाही' अशी सुरुवात नको. त्यांना सांगा, 'मामाजी, मॅडम म्हणतात तुमचं बरोबर आहे, माती पायाले समजलीच पाहिजे. तुमच्या पायाची ती समज कशानं गेली ते बघायला चला.' ज्या माणसानं वावराची ओल तळव्यानं ओळखली, पेरणीला वाफसा आलाय की नाही ते पाऊल टाकून सांगितलं, त्याच्यासाठी हे जाणं साधं नाही. ते त्याबद्दल बोलणार नाहीत. तुम्ही विचारलंत तर कदाचित बोलतील.

तपासणीत सहापैकी किती जागा कळल्या आणि बी-१२ किती आलं, तेवढं मला कळवा. काट्याची जखम कशी आहे तेही लिहा.